जुन्या पद्मिनीच्या मागच्या पाट्यांचे बुश बदलताना

प्रीमियर पद्मिनी ही जुनी मोटार मागून डुलू लागली, खड्ड्यातून जाताना टक् असा आवाज येऊ लागला किंवा ब्रेक मारताच मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा वाटू लागला, की बहुतेक गॅरेजांत आधी शॉक ॲब्सॉर्बर बदलले जातात. खर्च होतो आणि आवाज तसाच राहतो, कारण बऱ्याचदा दोष पाट्यांच्या (ॲक्सलवर गाडी तोलणाऱ्या, पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) बुशांत, म्हणजे त्यांच्या टोकांतल्या रबरी नळकांड्यांत असतो. पाट्याच्या डोळ्यापाशी, म्हणजे टोकाच्या गोल वळशापाशी, पहार लावून हलकेच दाब द्यावा. बोल्ट डोळ्याच्या मध्यभागी न राहता एका कडेला टेकलेला दिसला किंवा रबराचे तुकडे बाहेर लोंबत असले, तर बुश संपले असे समजावे.

गाडी मॉडिफाइड असेल, तर पुण्यात स्पेअर पार्टची दुकाने असलेल्या नाना पेठेत जाऊन ‘फियाटचा बुश द्या’ (पद्मिनी मूळची फियाटच) असे सांगण्यात अर्थ नाही. मूळ 1089 सीसीच्या जागी 118 एनईचे (प्रीमियरच्याच नंतरच्या मोटारीचे) 1171 सीसीचे इंजिन बसवताना आधीच्या मालकाने पाटे कोणत्या गाडीचे घातले, त्यातली एखादी पट्टी काढली की वाढवली, हे कागदपत्रांत कुठेही लिहिलेले नसते. म्हणून जुना बुश आधी काढावा आणि व्हर्नियरने डोळ्याचा आतला व्यास, बोल्टची जाडी व आतल्या नळीची लांबी मोजूनच दुकानाची पायरी चढावी. बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) आणि पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्यावेत. बोल्टच्या डोक्यावर मजबुतीचा 8.8 किंवा त्याहून वरचा आकडा असावा.

गाडीचा सांगाडा स्टँडवर आणि ॲक्सल वेगळ्या ट्रॉली जॅकवर घ्यावा. ॲक्सल ब्रेकच्या रबरी होजवर लोंबकळू देऊ नये. एका वेळी एकाच बाजूचा पाटा काढावा, म्हणजे दुसरा पाटा ॲक्सलला जागेवर धरून ठेवतो. बोल्ट आतल्या नळीत गंजून बसला असेल, तर त्याच्याशी झगडत बसू नये, दोन्ही बाजूंनी ग्राइंडरने कापून काढावा.

आता खरे अवघड काम. या बुशला सायलेंट बुश म्हणतात; त्याला आत एक नळी, बाहेर एक पातळ लोखंडी कवच आणि मध्ये दोघांना चिकटवलेले रबर असते. आतली नळी व रबर फारसे श्रम न घेता निघतात. कवच मात्र अनेक पावसाळ्यांच्या गंजाने डोळ्याशी एकजीव झालेले असते. इथे मिस्त्री हटकून गॅसची टॉर्च पेटवतात. ती पेटवू देऊ नये. पाट्याच्या पोलादाला दिलेले पाणी (तापवून-थंड करून आणलेला कठीणपणा) त्या उष्णतेने उतरते आणि डोळ्याजवळचा भाग मऊ पडतो. तो आज तुटत नाही, पुढे कधीतरी भरल्या गाडीत घाटाच्या वळणावर तुटतो. पाटा गाडीवरच असेल, तर पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप त्या ज्वाळेपासून फार लांब नसतात, हेही ध्यानात ठेवावे. याच कारणासाठी डोळ्यावर वेल्डिंगचा ठिपकासुद्धा पडू देऊ नये.

दुसरा आवडता उपाय म्हणजे घण. पाट्याचा डोळा हा वळवलेला असतो, जोडलेला नसतो. आडवेतिडवे ठोके बसले की तो उघडतो आणि मग त्यात कोणताच बुश घट्ट बसत नाही.

योग्य मार्ग कंटाळवाणा आहे, पण तोच खात्रीचा आहे. पाटा व्हाइसमध्ये धरावा, हॅक्सॉचे पाते सोडवून डोळ्यातून ओवावे, पुन्हा फ्रेमला लावावे आणि कवचाला आतून लांबीच्या दिशेने एकच चीर पाडावी. कवचाचे लोखंड मऊ असते, पाट्याचे कठीण. त्यामुळे पाते कवच कापून पाट्याला लागले की कापण्याचा आवाज बदलतो आणि पाते घसरू लागते. तिथेच थांबावे. डोळ्यात खोल खाच पडली, तर भेग तिथूनच सुरू होते. मग अरुंद छिन्नीने चिरेची एक कड आत वळवावी; कवच स्वतःवर गुंडाळले जाऊन सैल होते आणि हलक्या ठोक्यांनी बाहेर येते.

डोळा पॉलिश पेपरने साफ करून कडेची धार कानशीने किंचित मारावी. नवा बुश हाताने आत गेला, तर तो परत करावा. कवच डोळ्यापेक्षा एखाद-दुसऱ्या दशांश मिलिमीटरने मोठेच हवे. तो बसवण्यासाठी आटे असलेला लांब रॉड, जाड वॉशर आणि पलीकडे बुशपेक्षा मोठ्या व्यासाचा पाइपचा तुकडा पुरतो. दाब कवचाच्या कडेवरच पडला पाहिजे. आतल्या नळीवर पडला तर रबर पहिल्याच दिवशी सुटते. वंगण म्हणून साबणाचे पाणी वापरावे. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, त्याने रबर फुगते.

पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का, असे नेहमी विचारले जाते. पुण्याच्या स्पीडब्रेकरांवरून रोज जाणाऱ्या गाडीसाठी माझे उत्तर नाही असेच आहे. पद्मिनीला बॉडीपासून वेगळी चासी (वजन पेलणारी चौकट) नाही. कडक बुश जो धक्का गिळत नाही, तो थेट बॉडीच्या गंजक्या पत्र्याला बसतो. ते घालायचेच असतील, तर सिलिकॉन ग्रीससह घालावेत.

पाटा परत जोडताना शॅकलचे (पाट्याचे एक टोक बॉडीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) आणि डोळ्याचे बोल्ट फक्त हाताने लावावेत, यू-बोल्ट आलटून पालटून समान आवळावेत. मग चाके लावून गाडी जमिनीवर उतरवावी, ती थोडी मागेपुढे ढकलावी आणि नेहमीचे वजन गाडीत असतानाच डोळ्याचे बोल्ट पूर्ण आवळावेत. रबरी बुश फिरत नाही, पिळला जातो. गाडी हवेत असताना बोल्ट आवळला, तर जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. दोष मात्र ‘डुप्लिकेट माला’वर जातो. पाटे सपाट करून गाडी खाली बसवलेली असेल, तर डोळ्याचा कोन मूळ गाडीपेक्षा वेगळा असतो, म्हणून बोल्ट आजच्या उंचीवरच आवळावेत. ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळे घालून ती खाली घेतली असेल, तर हा कोन बदलत नाही, पण आवळण्याचा नियम तोच. गाडीखाली जागा कमी पडत असेल, तर चारही चाके रॅम्पवर चढवावीत. सांगाड्याला जॅक लावू नये.

थोडे दिवस गाडी चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवे बोल्ट किंचित ताणतात आणि पाट्यांमधला गंज व रंग दबतो.