मुलांचा प्रश्न मंत्रालयापर्यंत नेताना या चुका टाळा

निवेदन दिले, पोच घेतली, फोटो काढला. तीन महिन्यांनी उत्तर येते: "आपले निवेदन पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी अमुक कार्यालयाकडे अग्रेषित करण्यात येत आहे." त्यानंतर शांतता. पालक गट, शाळा व्यवस्थापन समित्या, लहान संस्था, सगळ्यांचा हाच अनुभव. यात दर वेळी सरकारी अनास्थाच असते असे नाही. बरेचदा निवेदनात कळकळ भरपूर असते, पण ज्या टेबलावर ते पोचते त्या माणसाला नेमका कोणता निर्णय घ्यायचा आहे, तेच लिहिलेले नसते.

एकच पत्र सगळ्यांना

"प्रति, मा. मुख्यमंत्री" आणि खाली चौदा जणांना "प्रत माहितीसाठी". ज्याला प्रत माहितीसाठी मिळते तो ती माहिती म्हणूनच ठेवतो. कुपोषणाचेच उदाहरण घ्या. अंगणवाडीतला आहार महिला व बालविकास विभागाकडे, आणि त्याची अंमलबजावणी नवी मुंबईतल्या एकात्मिक बालविकास सेवा योजना आयुक्तालयाकडून. आदिवासी भागातली अमृत आहार योजना आदिवासी विकास विभागाच्या निधीतली. आजारी पडलेल्या तीव्र कुपोषित बाळाचे उपचार सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. आदिवासी आश्रमशाळेतल्या मुलीचा प्रश्न असेल तर तो शालेय शिक्षणाकडे नव्हे, आदिवासी विकासकडे. बालगृहाचा असेल तर पुण्याच्या महिला व बालविकास आयुक्तालयाकडे. तीन विभागांशी संबंध असेल तर तीन वेगळी पत्रे, प्रत्येकात त्या विभागापुरतीच मागणी.

योग्य टेबल शोधायला ओळखी लागत नाहीत, शासन निर्णय वाचावा लागतो. तुमच्या विषयावरचा सर्वात अलीकडचा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. डोक्यावर क्रमांक असतो, त्यात "प्र.क्र." म्हणजे प्रकरण क्रमांक आणि "का-" पुढचा आकडा म्हणजे कार्यासन, म्हणजेच तो विषय हाताळणारे टेबल. तुमचा कागद शेवटी तिथेच जायचा आहे. "वाचा" या मथळ्याखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. शेवटाकडे वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक दिसला तर पैशाला संमती घेतली आहे असे समजा. तो नसेल आणि निर्णयात खर्चाची बाब असेल, तर अंमलबजावणी तिथेच अडलेली असू शकते. पत्राच्या "संदर्भ" ओळीत हा निर्णय क्रमांक, दिनांक आणि संकेतांक लिहा. नस्ती (फाइल) शोधायचे कारकुनाचे निम्मे काम होते आणि तुमचे पत्र टपालाच्या ढिगात पडून राहत नाही.

असलेलीच गोष्ट पुन्हा मागणे

शाळेतल्या सुरक्षेबाबत ही चूक सर्रास होते. "प्रत्येक शाळेत तक्रारपेटी असावी, समिती नेमावी, सीसीटीव्ही बसवावेत" अशी मागणी केली की विभाग म्हणतो, निर्णय झालेला आहे. आणि ते खरेच असते. शाळेतील मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचा निर्णय मार्च 2022 चा, आणि बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर 21 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी हे सगळे एकत्र आले. मग मागायचे काय? अंमलबजावणीचा हिशेब. तालुक्यातल्या वीस-पंचवीस शाळांत जाऊन साधा तक्ता भरा: समिती स्थापन झाल्याचा दिनांक, शेवटच्या बैठकीचे इतिवृत्त आहे की नाही, पेटीची किल्ली कोणाकडे, चित्रीकरण किती दिवस साठते, बसचालक आणि सफाई कामगारांची पडताळणी झाली का. किल्ली मुख्याध्यापकांच्याच खिशात असेल तर पेटी असून नसल्यासारखी. हा तक्ता जोडून "जिल्हानिहाय अनुपालन अहवाल प्रसिद्ध करावा" असे लिहिले की ते उत्तर पुन्हा देता येत नाही.

राज्याच्या हातात नसलेले मागणे

पूरक पोषण आहाराचा मूळ दर केंद्र ठरवते. तो वाढवा असे राज्याला लिहिले तर पत्र दिल्लीकडे "शिफारशीसह" जाते आणि विषय संपतो. राज्याकडे मागायची ती राज्याच्या निधीतली भर. पण त्या भरीला अर्थसंकल्पात लेखाशीर्ष (खर्चाचे ठरलेले खाते) आणि दरवर्षीची तरतूद आहे का, हे बघितल्याशिवाय जल्लोष करू नका. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये घेतला आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबवला. निर्णय एका कागदाने येतो आणि एका कागदाने जातो.

पैशाची मागणी मार्चमध्ये करणे हीही जुनीच चूक. विभागांचे प्रस्ताव वित्त विभागाकडे त्याच्या कित्येक महिने आधी जातात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच विभागाच्या दारात असायला हवे. हुकले तर पुरवणी मागण्यांची वाट धरा. पोषणाचे मुख्य लेखाशीर्ष 2236, सामाजिक सुरक्षा व कल्याणाचे 2235, सार्वजनिक आरोग्याचे 2210. राज्याच्या निधी वितरणाच्या "बीम्स" प्रणालीवर तरतूद, वितरित निधी आणि खर्च हे तीन आकडे दिसतात. नुसती तरतूद बघून फसू नका. वितरित आणि खर्च यांतली दरी दाखवली की चर्चेला धार येते.

आकड्यांची खिचडी

इथे सर्वात जास्त नुकसान होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 प्रमाणे महाराष्ट्रात पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले खुजी, 25.6 टक्के लुकडी आणि 36.1 टक्के कमी वजनाची. ही तीन वेगळी मोजमापे आहेत: वयानुसार उंची, उंचीनुसार वजन, वयानुसार वजन. त्यांची बेरीज करून "सत्त्याण्णव टक्के कुपोषित" असे लिहिलेली पत्रके निघतात. अधिकारी पहिल्या परिच्छेदातच हसतो आणि पुढचे वाचत नाही.

अंगणवाडीच्या नोंदी ठेवणाऱ्या पोषण ट्रॅकर ॲपचा आकडा सर्वेक्षणाच्या आकड्याहून बराच कमी दिसतो. लगेच "लपवाछपवी" म्हणू नका. ट्रॅकरमध्ये नोंदलेली आणि मोजलेली मुले असतात, सर्वेक्षणात घरोघरचा नमुना असतो. विचारायचे ते हे: नोंदणीपैकी किती मुलांचे वजन-उंची त्या महिन्यात खरोखर घेतले?

स्वतः मोजमाप करणार असाल तर 6 ते 59 महिन्यांच्या बाळाच्या दंडाचा घेर 11.5 सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 च्या आत मध्यम. दोन्ही पावलांवर सूज असेल तर घेर कितीही असो, ते तीव्रच. दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवूनच मोजा. उभे करून घेतलेली उंची साधारण 0.7 सेंमीने कमी भरते आणि सीमारेषेवरच्या बाळाचा गट बदलतो. फीत घट्ट ओढू नका. आणि तीव्र कुपोषित बाळ सापडले तर त्याच दिवशी अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, अहवाल नंतर.

आमदारांना नुसते निवेदन देणे

आमदारांना प्रश्न तयार करून द्या. विधानसभेच्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे: "(1) अमुक झाले, हे खरे आहे काय, (2) असल्यास, चौकशी केली आहे काय, (3) असल्यास, तद्नुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" सगळा खेळ पहिल्या भागात. त्यात एक तपशील चुकला, तारीख, संख्या किंवा गावाचे नाव, की छापील उत्तर येते: "(1) हे खरे नाही. (2), (3) व (4) प्रश्न उद्भवत नाही." महिन्यांची मेहनत एका ओळीत संपते. म्हणून पहिल्या भागात फक्त कागदाने सिद्ध होईल तेवढेच. "सुमारे 40 मुले" ऐवजी "नोंदवहीप्रमाणे 37 मुले". "अंशतः खरे आहे" असे उत्तर आले तर तो विजयच समजा, पुढचा पाठपुरावा त्यावर उभा राहतो. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले असेल तर दिनांकासह कार्यवृत्तातला उतारा काढून विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे न्या. हे फार थोडे लोक करतात.

माहिती अधिकारात "का" विचारणे

"आहार निकृष्ट का आहे?" याला उत्तर मिळत नाही, कारण कायद्याने मिळतो तो अभिलेख. "एप्रिल ते जून या काळातील आहार नमुना तपासणीच्या प्रयोगशाळा अहवालांच्या प्रती" असे मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, शुल्क 10 रुपये. 30 दिवसांत उत्तर नसेल तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील, त्याचे शुल्क 20 रुपये.

मुलाची ओळख उघडी करणे

डोळ्यांवर काळी पट्टी पुरत नाही. गाव, शाळा, इयत्ता, वडिलांचा व्यवसाय एकत्र आले की गावात सगळ्यांना कळते. बालन्याय अधिनियम 2015 चे कलम 74 आणि मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याचे कलम 23 याला मनाई करतात. निवेदनाला प्राथमिक खबर अहवालाची प्रत जोडू नका.

लैंगिक अत्याचाराची घटना कळली तर "आधी पुरावे गोळा करू, मग अधिवेशनात मांडू" हा विचारही नको. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा. मुलाला पुन्हा पुन्हा विचारून स्वतःची चौकशी चालवली तर जबाबात तफावत येते आणि खटला तिथेच कमकुवत होतो. तातडीला चाइल्डलाइन 1098.

आयोगाला न्यायालय समजणे

राज्य बाल हक्क संरक्षण आयोग चौकशीसाठी साक्षीदारांना बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, पण शेवटी शिफारस करतो, शिक्षा नाही. जोर यावा म्हणून एकच तक्रार राष्ट्रीय आणि राज्य अशा दोन्ही आयोगांकडे पाठवतात. उलटेच होते: बालहक्क संरक्षण आयोग अधिनियम 2005 मधील कलम 13(2) प्रमाणे दुसऱ्या आयोगापुढे प्रलंबित विषयाची चौकशी करता येत नाही, मग दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. एकच निवडा. शिफारस झाली की संबंधित विभागाकडून कृती अहवाल मागवला का, हे आयोगाला लेखी विचारत राहा, आणि प्रत्येक पत्रावर आधीच्या पत्राचा आवक क्रमांक टाका.