प्रभाव मूल्यमापनाची फेरतपासणी: आधी आकडा जुळवा, मग पद्धतीवर बोला

प्रभाव मूल्यमापन म्हणजे एखाद्या योजनेचा खरोखर किती परिणाम झाला हे मोजणारा अभ्यास. त्याच्या फेरतपासणीत दोन प्रश्न वेगळे ठेवा. त्याच डेटावर, सांगितलेल्याच पद्धतीने तोच आकडा येतो का? आणि ती पद्धत मुळात योग्य होती का?

केनियातल्या बुसिया जिल्ह्यात ७५ प्राथमिक शाळांमध्ये टप्प्याटप्प्याने जंतनाशक गोळ्या दिल्या गेल्या. मिगेल आणि क्रेमर यांचा त्यावरचा निबंध २००४ साली आला. हजेरी वाढली आणि आसपासच्या शाळांनाही फायदा झाला, असा निष्कर्ष होता. २०१५ साली फेरतपासणी प्रसिद्ध झाली. आसपासच्या शाळा मोजताना मूळ अभ्यासाच्या कोडने (हिशेब करणाऱ्या संगणकीय आज्ञांनी) फक्त जवळच्या १२ शाळा धरल्या होत्या. दुरुस्तीनंतर ३ ते ६ किलोमीटरवरच्या परिणामाचा दावा टिकला नाही. गोळ्या मिळालेल्या शाळांमधली हजेरीवाढ टिकली. वर्षवार विश्लेषण करून परिणाम कमकुवत दिसतो, हे म्हणणे दुसऱ्या प्रश्नाचे होते. बातम्यांत दोन्ही एकत्र झाले आणि मूळ अभ्यासच खोटा ठरल्याचा समज पसरला.

म्हणून डेटा उघडण्याआधी आराखडा लिहा: धोरणासाठी ज्यांचा दाखला दिला जातो असे दोन-तीन तक्ते आणि तुम्ही करणार असलेल्या चाचण्या. तो तारखेसह सार्वजनिक नोंदवा.

मग मूळ कोडची प्रत घ्या, फाइलींचे पत्ते सोडून काहीही न बदलता चालवा. सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहून ठेवा. ‘आर’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या ३.६.० आवृत्तीत यादृच्छिक नमुना काढण्याची पद्धत बदलली, त्यामुळे सीड (तोच नमुना पुन्हा यावा म्हणून दिलेला आरंभीचा अंक) तेच असूनही नमुना वेगळा येऊ शकतो. छापील आणि तुमचे आकडे शेजारी मांडा: निरीक्षणांची संख्या, सहगुणक (परिणामाचा अंदाज), प्रमाण त्रुटी (त्या अंदाजातली अनिश्चितता). संख्याच जुळत नसेल तर पुढचे दोन तपासण्यात वेळ घालवू नका. आधी कोणत्या ओळी गळल्या ते शोधा.

खरे काम यानंतरचे. कोड बाजूला ठेवा आणि निबंधातले वर्णन वाचून स्वतःचा कोड लिहा. १२ शाळांसारखी चूक जुना कोड चालवून दिसत नाही, तो बिनतक्रार चालतो.

स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये रिकामी नोंद कोणत्याही संख्येपेक्षा मोठी धरली जाते. ‘हजेरी ७५ पेक्षा जास्त’ अशी अट घातली की ज्यांची हजेरी नोंदलेलीच नाही ती मुलेही नियमित ठरतात. सारख्या मूल्यांच्या ओळी क्रमाने लावून त्यातली पहिली ठेवली असेल, तर दर वेळी वेगळी ओळ राहू शकते. मेनी-टू-मेनी मर्ज (दोन्ही फाइलींत एकाच ओळखक्रमांकाच्या अनेक ओळी असताना केलेली जोडणी) दिसला की तिथे थांबाच. गोळ्या शाळावार वाटल्या असतील तर प्रमाण त्रुटीही शाळावार क्लस्टर केलेली, म्हणजे एका शाळेतली मुले एक गट धरून काढलेली हवी. प्रत्येक मूल स्वतंत्र एकक धरले तर परिणाम वाजवीपेक्षा पक्का दिसतो.

गोपनीयतेसाठी गावांचे जीपीएस बिंदू बहुधा काढलेले असतात. अंतरावर आधारलेला निष्कर्ष तपासायचा असेल तर ते सुरुवातीलाच मागा. नैतिक समितीच्या मंजुरीला महिने लागू शकतात.

पर्यायी चाचण्या सगळ्यात शेवटी. केलेली प्रत्येक चाचणी अहवालात द्या. निकाल मोडणाऱ्या तेवढ्याच निवडून दिल्या तर तो अप्रामाणिकपणा आहे. मसुदा मूळ लेखकांना पाठवा, उत्तराला महिनाभर द्या. कोड आणि निबंध यांत फरक असेल, किंवा हिशेबच चुकला असेल, तिथेच ‘चूक’ म्हणा. बाकी ठिकाणी ‘आम्ही वेगळी निवड केली’ असे लिहा आणि कारण द्या.