गोव्यात ब्रिटिशकालीन चांदीचे रुपये जमवताना

गोव्यावर राज्य पोर्तुगिजांचे असले, तरी इथल्या जुन्या घरांच्या देव्हाऱ्यांत व्हिक्टोरिया राणीचे रुपये सापडतात. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया इथे कायदेशीर चलन झाला, आणि १८८१ व १८८२ या सालांचे, पोर्तुगालचा राजा पहिला लुईस याची छबी असलेले गोव्याचे रुपियेही त्याच वजनाचे व त्याच कसाचे पाडले गेले. हा करार १८९२ मध्ये संपुष्टात आला. गोव्यातील संग्राहकाने ही दोन नाणी शेजारी ठेवूनच संग्रहास आरंभ करावा, असे मला मनापासून वाटते.

आरंभी आणे, पावल्या यांच्या मागे न लागता केवळ रुपया घ्यावा. १८३५ चा चौथा विल्यम, १८४० व १८६२ ची व्हिक्टोरिया, १८७७ पासून सम्राज्ञी हे बिरुद धारण करणारी तीच राणी, १९०३ पासून सातवा एडवर्ड, १९११ पासून पाचवा जॉर्ज असा क्रम लावता येतो. नाण्यावरील सालावर मात्र विसंबू नये, कारण १८६२ हेच साल घातलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते. मुंबई टांकसाळीच्या अशा नाण्यांवर सालाजवळ असलेले बारीक ठिपके भिंगाखाली मोजणे, हा या छंदातील सर्वांत रमवणारा भाग आहे. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाल्याने पुढच्या वर्षी तो सुधारण्यात आला, त्यामुळे त्या सालाला मागणी अधिक असते. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली.

खरेदीपूर्वी नाणे तोलून पाहावे. १९४० पूर्वीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के असते. वापराने थोडी झीज होते, परंतु वजनात मोठी तूट आढळल्यास नाणे घेऊ नये. कडेवरचे दाते सलग आहेत ना, मध्येच सांध्याची रेघ दिसत नाही ना, हे फिरवून पाहावे, कारण साच्यात ओतलेली नकली नाणी तिथेच उघडी पडतात. माळेसाठी कडी जोडून नंतर काढलेली असेल, तर वरच्या कडेला डाग दिल्याची, म्हणजे झाळकामाची, खूण राहते व किंमत उतरते.

देव्हाऱ्यातील नाण्याच्या अक्षरांत कुंकू बसलेले असले, तरी ते चिंचेने किंवा राखेने घासू नये. काळसर झाक नाण्याच्या वयाची साक्ष देते. ती एकदा गेली की परत येत नाही. इथल्या पावसाळ्याच्या दमट हवेत नाणी पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नयेत व त्यांना रबरबँड लावू नये. आम्लविरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावीत आणि हाताळताना केवळ कडेला धरावीत.

परदेशी असलेल्या नातलगांना भेट म्हणून नाणी पाठवण्याचा मोह गोव्यात पुष्कळांना होतो. परंतु शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत.