टर्नटेबल घेताना आधी सुईचा भार पाहावा
टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र, निवडताना पेटीच्या चकाकीपेक्षा टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, मागच्या टोकाला फिरवून पुढेमागे करता येणारे वजन आहे की नाही, हे आधी पाहावे; सुईचा रेकॉर्डवरचा भार त्यानेच जुळवता येतो. कारण मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाच्या) प्रकारच्या बहुतेक कार्ट्रिजना, म्हणजे सुई बसवलेल्या भागांना, सुमारे १.५ ते २.५ ग्रॅम भार पुरतो, तर स्वस्त सूटकेस प्लेअरमधील सिरॅमिक कार्ट्रिज पुष्कळदा ५ ग्रॅमच्या आसपास दाब देते आणि रेकॉर्डची खाच लवकर झिजवते. भार जितका कमी तितके बरे, हा समजही खोटा आहे. फार हलकी सुई खाचेत उसळते आणि तिच्या भिंती खरवडते. आजोबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या तबकड्या वाजवायच्या असतील, तर त्यांच्या रुंद खाचेसाठी वेगळी, जाड टोकाची सुई घ्यावी. ॲम्प्लिफायरला फोनो (टर्नटेबलसाठीची) जोडणी नसल्यास प्रीॲम्प, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारे उपकरणही लागेल.

नागपूरकरांनी जागेचाही विचार करावा. महालातल्या आमच्या घरी टर्नटेबल कूलरच्या खिडकीलगत होते आणि तानपुऱ्याच्या सुराखाली ऐकू येणारी कूलरची घरघर आम्ही दोन उन्हाळे सुईचाच दोष मानत होतो. रेकॉर्ड मात्र उभ्याच ठेवाव्यात. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेली तबकडी हमखास वाकते.