चाकूच्या मुठीसाठी हिवराचं लाकूड कसं निवडावं

मुठीसाठी लाकूड म्हटलं की प्रत्येक जण शिसव सुचवतो. शिसव उत्तमच आहे, पण महाग आहे. शिवाय शिसव म्हणून मिळणाऱ्या तुकड्यांत कधीकधी रंग चढवलेलं दुसरंच लाकूड निघतं. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात बांधाबांधावर हिवर उभा असतो. आपण तो चुलीत घालतो. माझं मत ठाम आहे: या भागात चाकूला मूठ बसवायची तर आधी हिवर पाहावा.

ओळखायला सोपं झाड. पांढरट साल, जोडीनं येणारे सरळ काटे, पावसाळ्यात फिकट पिवळसर फुलांचे गोंडे. सालीलगतचं लाकूड पांढरट पिवळं, गाभा विटकरी लाल आणि त्यात गडद रेघा. मुठीला फक्त गाभा घ्या. पांढऱ्या भागाला भुंगेरा लागतो. दिसायला कितीही बरा वाटला तरी तो काढून टाका. मनगटाएवढ्या फांदीत गाभा जेमतेम निघतो, म्हणून मांडीएवढं तरी खोड हवं.

वठलेलं किंवा वाऱ्यानं पडलेलं झाड मालकाला विचारून घ्या. खैर, अंजन, चिंच यांच्या मागे लागणार असाल तर १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत ही झाडं आहेत, परवानगीशिवाय हात लावू नका.

आता वाळवणं. मूठ बिघडते ती इथंच, आणि सगळ्यात चुकीचे सल्लेही याच टप्प्यावर मिळतात. "उन्हात पंधरा दिवस टाका" हे मीही ऐकलं. एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर ठेवलेले माझे अकरा तुकडे आठ दिवसांत टोकांपासून तडकले. वरचं लाकूड लवकर सुकून आकसतं आणि आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही, म्हणून चीर जाते. टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगानं निघतं, म्हणून चिरा टोकांपासूनच सुरू होतात.

तुकडे कापले की त्याच दिवशी दोन्ही टोकं वितळलेल्या मेणात बुडवा. उद्यावर ढकलू नका. मापापेक्षा लांबीला दोन इंच आणि जाडीला अर्धा इंच जास्त ठेवा. मधे काड्या घालून सावलीत, हवा खेळेल अशा जागी रचा. प्रत्येक तुकड्यावर तारीख आणि वजन लिहा. दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर तोलायचं. उन्हाळ्यात लागोपाठ दोन महिने वजन उतरलं नाही तरच लाकूड वाळलं म्हणा. इंचभर जाडीला साधारण वर्ष धरा. ठोकून आवाज ऐकणं, हाताला कोरडं लागणं, यांवर माझा अजिबात विश्वास नाही. बाहेरून खडखडीत वाटलेल्या तुकड्याची मूठ मी एकाला बसवून दिली होती. उन्हाळ्यात लाकूड आकसलं, मुठीच्या दोन पट्ट्यांमधलं पात्याचं पोलाद कडेनं वर आलं आणि त्याच्या तळव्याला कापलं. ते मला अजून लागतं.

वाळलेल्या तुकड्यातून मुठीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या काढताना टोकाकडून वलयं बघा. वलयांच्या दिशेनं लाकूड वलयांना आडव्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट आकसतं, लांबीत मात्र नावालाच. म्हणून वलयं पात्याला काटकोनात येतील अशी पट्टी कापा, म्हणजे रुंदीला हालचाल कमी होते. गाठ आणि खोडाचा मध्यबिंदू टाळा.

बाकी सोपं आहे. धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा. भोकं पाडा, इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावा, रिबीट बसवा. कानस, मग पॉलिश पेपर, मग जवसाचं तेल पातळ थरात तीनदा.

एकच गोष्ट लक्षात ठेवा. कोरड्या माणमधल्या म्हसवडला बनवलेली मूठ महाबळेश्वरला गेली तर पावसाळ्यात फुगणारच. तेव्हा लाकूड पोलादाच्या कडेपेक्षा किंचित वर आलेलं नखाला लागेल. घाईनं कानस मारू नका. तसं केलं तर उन्हाळ्यात तेवढंच पोलाद बाहेर येईल. एप्रिलपर्यंत थांबा, पुन्हा नख फिरवून पाहा आणि तेव्हाही लागलं तरच घासा.