नॅनोव्हीएनएवर एसडब्ल्यूआर १.२, तरी अँप्लिफायर ट्रिप: ४० मीटर डायपोल (माझा अनुभव)

सांगलीत गच्चीवर हौशी रेडिओचा ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) डायपोल, म्हणजे दोन भुजांची तारेची अँटेना, इन्व्हर्टेड व्ही (मध्य उंच, टोकं खाली) आकारात. ७.१ मेगाहर्ट्झला नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचा छोटा मीटर) एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप; १ म्हणजे आदर्श) १.२ दाखवी, पण १५० वॅटच्या पुढे अँप्लिफायर ट्रिप (आपोआप बंद). कोएक्सला (अँटेनाकडे जाणाऱ्या केबलला) हात लावला की मीटरवरचा आकडा हले.

कनेक्टर बदलले, कोएक्सही बदलून पाहिली, फरक शून्य. दोन महिने वाया गेले.

खरं कारण कोएक्सच्या तारजाळीच्या बाहेरच्या अंगाने वाहणारा नको असलेला प्रवाह (कॉमन-मोड प्रवाह). नॅनोव्हीएनए बॅटरीवर, अर्थिंगशिवाय चालतो. अँप्लिफायर अर्थ केलेला. त्यामुळे जाळीचा बाहेरचा भाग अँटेनाची तिसरी भुजा होतो आणि अँप्लिफायरला दिसणारा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध) वेगळाच असतो.

उपाय म्हणून आधी चोक (हा प्रवाह अडवणारी गुंडाळी): एफटी२४०-३१ या फेराइट कड्यावर आरजी-५८ कोएक्सचे १२ वेढे, बसवायचा थेट फीडपॉइंटवर (कोएक्स अँटेनाला जोडते तिथे). बसवण्याआधी चोकची फक्त जाळी नॅनोव्हीएनएच्या दोन्ही पोर्टमध्ये जोडून एस२१ (एका पोर्टातून दुसऱ्यात किती सिग्नल पोचतो) पाहा; उणे ३० डीबी म्हणजे साधारण ३००० ओह्म, तेवढं पुरे.

मग ६.८ ते ७.३ मेगाहर्ट्झ रेंज लावून मीटरचं कॅलिब्रेशन. ओपन, शॉर्ट, ५० ओह्म लोड हे कोएक्सच्या अँटेनाकडच्या टोकाला लावा, मीटरच्या तोंडाशी नाही. नाहीतर कोएक्सची लांबी इम्पीडन्सचा आकडा फिरवते. वळवाचे ढग असतील तर मोजूच नका. तारेवरचा स्थिर भार नॅनोव्हीएनएचं इनपुट जाळतो, म्हणून एरवीही जोडण्याआधी कोएक्स क्षणभर शॉर्ट करा.

चोकनंतर खरा रेझोनन्स (अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला जुळते ती) ६.९५ मेगाहर्ट्झला निघाला, म्हणजे तार लांब होती. प्रत्येक भुजा २२ सेंटिमीटर कमी केली, कापून नाही, टोक मागे दुमडून घट्ट पिळून. आता हात लावूनही आकडा हलत नाही, आणि अँप्लिफायर पूर्ण पॉवरला टिकतो.