प्रकट मुलाखतीची तयारी कशी करावी : बार्बरा वॉल्टर्स यांची कार्डांची पद्धत

प्रकट मुलाखत घेण्याची जबाबदारी आली की आपल्यापैकी बहुतेक जण पाहुण्यांचा परिचय पाठ करतात, दहा-बारा प्रश्न कागदावर उतरवतात आणि निर्धास्त होतात. एवढ्यावर भागत नाही, हे मला अमेरिकी दूरचित्रवाणी पत्रकार बार्बरा वॉल्टर्स यांच्या कारकिर्दीचा अभ्यास करताना उमगले. १९७६ मध्ये एबीसी वाहिनीवर संध्याकाळच्या बातम्या देणाऱ्या त्या अमेरिकेतील राष्ट्रीय वाहिन्यांवरच्या पहिल्या महिला सहनिवेदक ठरल्या. मात्र त्याआधी एनबीसी या दुसऱ्या वाहिनीच्या ‘टुडे’ कार्यक्रमात सहकारी निवेदक फ्रँक मॅगी यांनी घातलेली अट त्यांना सोसावी लागली होती : स्टुडिओत महत्त्वाचे राजकीय पाहुणे आले की पहिले तीन प्रश्न मॅगी विचारणार आणि वॉल्टर्स यांची पाळी चौथ्या प्रश्नाला येणार. ही अट स्टुडिओबाहेर लागू नव्हती, म्हणून त्या स्वतः पाहुणे मिळवून बाहेर जाऊन मुलाखती घेऊ लागल्या. हा अन्यायच होता, पण त्यांची मुलाखतकार म्हणून खरी घडण त्या बाहेरच्या मुलाखतींत झाली, असे मला वाटते.

त्यांच्या तयारीचे साधन म्हणजे तळहातावर मावतील अशी साधी कार्डे. आपणही तशीच घ्यावीत आणि एका कार्डावर एकच प्रश्न लिहावा. पहिल्या बैठकीत निवड करू नये. सुचेल तो प्रश्न, अगदी बाळबोध वाटला तरी, लिहून काढावा. मग घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ‘तुम्हाला यांना काय विचारावेसे वाटते?’ असे विचारून त्यांचेही प्रश्न घ्यावेत, कारण वॉल्टर्सही असेच करीत आणि त्यामुळे सामान्य प्रेक्षकाचे कुतूहल त्यांच्या हातून सुटत नसे. त्यानंतर कार्डे टेबलावर पसरून दोन प्रश्नांचे उत्तर एकच येणार असेल तर एक बाजूला काढावे, लांबलेला प्रश्न एका वाक्यात बसवावा आणि उरलेली कार्डे पुन्हा पुन्हा क्रम बदलून लावून पाहावीत.

क्रम लावताना अवघड प्रश्नाचे कार्ड आपला हात आपोआप तळाशी सरकवतो, तेथे सावध राहावे. १९७७ मध्ये क्यूबात तेथील सत्ताधारी नेते फिडेल कॅस्ट्रो यांची मुलाखत घेताना वॉल्टर्स त्यांच्याबरोबर बोटीतून आणि जीपमधून फिरल्या, परंतु हा पाहुणचार घेऊनही तेथील वृत्तपत्रे, रेडिओ आणि दूरदर्शन सरकारच्या ताब्यात असल्याचा मुद्दा त्यांनी कॅस्ट्रोंसमोर थेट मांडला, आणि वृत्तपत्रस्वातंत्र्याची आमची कल्पना तुमच्यासारखी नाही, अशी कबुली त्यांच्याकडून मिळवली. असा प्रश्न सौम्य आवाजात, पण प्रस्तावना न लावता विचारावा आणि विचारून झाल्यावर गप्प राहावे. पाहुणे थबकले तर घाईने पुढचे कार्ड उचलू नये.

प्रत्यक्ष मंचावर उत्तरातून नवी वाट निघाली, तर कार्डे सरळ मांडीवर उलटी ठेवावीत आणि त्या वाटेने जावे.